हवेतलं रुखवत

डॉक्टरांनी आईचा उजवा हात स्वतःच्या तळव्यावर घेतला. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासल्यासारखं सारखं हलत होतं. ते त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि सांगितलं, की कंपवातात हात असाच हलतो, बोटांत औषधाची गोळी वळत असल्यासारखा. बाहेर येऊन आई ऑटोत बसली तेव्हा म्हणाली, "गोळी नाई व, गव्हले." मग तिचं तिलाच हसू आलं. दिवसभर वळून राह्यली, म्हणाली, अन् परात पाहावं तं रिकामी. मी हसले नाही. मला त्या ऑटोवाल्याचा, डॉक्टरांचा, खामगावच्या रस्त्यातल्या खड्ड्यांचा, सगळ्यांचाच राग आला होता. मला आधी राग येतो आणि रडू मागाहून येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

गव्हले ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगते. रवा दुधात घट्ट भिजवायचा आणि बोटांच्या चिमटीत त्याचे गव्हाच्या दाण्याएवढे दाणे वळायचे. लोक त्यांची खीर करतात. आमच्या आईचे गव्हले मात्र रुखवतासाठी असायचे. लग्नात नवरीकडचे लोक फराळाचे जिन्नस आणि हातानं केलेल्या वस्तू एका टेबलावर मांडतात, आणि नवरदेवाकडच्या बायका येऊन त्यातली एकेक वस्तू निरखून बघतात, नावंही ठेवतात, ते रुखवत. आई गव्हल्यांचे मोर करायची, गव्हल्यांचं तुळशीवृंदावन करायची. बाबा कापसाच्या जिनिंगात कारकून होते. ते येताना खिशातून मूठभर चांगला कापूस आणायचे आणि आई त्याची बैलगाडी करायची. काड्यांची चाकं, तारेवर कापूस गुंडाळलेले दोन बैल, आणि गाडीत शिगोशीग कापूस. आमच्या गल्लीतल्या कितीतरी पोरी आईची गाडी घेऊन सासरी गेल्या. कोणाचं लग्न ठरलं की आधी भटजींना निरोप जायचा आणि मग आईला. आईचं म्हणणं असं, की आधी तिलाच.

आता मी काय करते ते सांगायला हवं, आणि ते आजवर मला घरात कोणाला धड सांगता आलेलं नाही. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम खामगावात, आमच्या घराच्या वरच्या खोलीत बसून करते. आम्ही लोकांना एक लिंक पाठवतो. ती फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते, वेगळं ॲप उतरवून घ्यावं लागत नाही. कॅमेरा सुरू होतो आणि तुमच्याच बैठकीत, तुमच्याच फरशीवर, नसलेला सोफा उभा राहतो. त्याच्याभोवती फिरा, वाकून बघा, पटला नाही तर दुसरा ठेवा. डोळ्यांना लावायचा चष्मा असेल तर न बांधलेल्या घरातही हिंडून येता येतं. बाबा लोकांना सांगतात की पोरगी कॉम्प्युटरमध्ये फर्निचर ठेवते. आईनं एकदा विचारलं होतं, त्याच्यावर बसता येते का? मी म्हटलं, नाही. "मंग ठेवतं कायले?" मी चिडले होते.

माझं लग्न झालेलं नाही. करायचं नव्हतं, केलं नाही. यापुढं मी कोणाला काही सांगत नाही, आणि खोदून विचारणारा पुन्हा विचारत नाही.

धाकटी बहीण माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. शाळेत शिकवते. तिचं लग्न डोणगावच्या एका घरात ठरलं. माणसं चांगली, शेतीवाडी असलेली, मुलगा समंजस. साखरपुडा झाला त्या दिवशी आईनं माळ्यावरची परात काढायला लावली, आणि ती काढून देताना मी तिच्या हाताकडं पाहिलं.

आमच्याकडं रीत अशी, की बाकी काम कोणीही करो, रुखवत नवरीच्या आईनं आपल्या हातानं मांडायचं. मदतीला बायका असतात, डबे उघडून देतात, लाडू रचून देतात. पण वस्तू ठेवायची ती आईनं. आईचा हात लागला नाही तर ते रुखवत मांडलं असं कोणी म्हणतच नाही, नुसतं सामान काढून ठेवलं म्हणतात. आणि माझी आई तर दुसऱ्यांच्या पोरींसाठी आयुष्यभर राबलेली. तिच्या स्वतःच्या पोरीचं रुखवत मांडायची ही तिची पहिली वेळ होती. मी तर तिला संधी दिलीच नव्हती.

तीन-चार दुपारी ती परात पुढं घेऊन बसली. रवा भिजवायची, चिमटीत घ्यायची, आणि दाणा व्हायच्या ऐवजी त्याचा चुरा व्हायचा. मी वरून काम करता करता जिन्यात येऊन बघायची आणि परत जायची. एके दिवशी तिनं परातीवर फडकं झाकलं आणि भिंतीला टेकून बसली. बाबा गोळीची वेळ झाली म्हणून पाणी घेऊन आले तर तिनं पेला हातात घेतला नाही. त्यांनीच तोंडाला लावला.

नेमकी तेव्हाच जळगाव जामोदहून मामी आलेली. मामी मनानं चांगली, पण जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "अक्का, कायले जीव कष्टी करतं? आता तयार रुखवत भाड्यानं भेटते. मोर, पालखी, सप्तपदी, समदं. कार्यालयवालेच आणून मांडते." आई म्हणाली, आणा मंग. आणि उठून आत गेली. मी मामीवर अशी काही घसरले की बाबांना मध्ये पडावं लागलं. मामीचं काही चुकलं नव्हतं. आईनं इतक्या सहज "आणा मंग" म्हटलं, ते मला सहन झालं नाही. त्या दिवसापासून आई लग्नाच्या गोष्टींत बसेना. साड्या कोणत्या, वाजंत्री कोणती, सगळ्याला एकच उत्तर, तुमाले पटन तसं करा.

पेटीची आठवण मला त्यानंतर झाली. मी कॉलेजात असताना आईनं माझ्यासाठी रुखवत करायला घेतलं होतं. ते सगळं एका लोखंडी पेटीत, जुन्या लुगड्यांत गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून पलंगाखाली ठेवलेलं होतं. मी पेटी ओढून काढली. मोर होता, वृंदावन होतं, गव्हल्यांची नऊवारी नेसलेली एक बाहुली होती, आणि ती गाडी. पण इतक्या वर्षांत सगळं ठिसूळ झालेलं. मोराला हात लावला तर पिसाऱ्याचे चार दाणे माझ्या बोटाला चिकटून आले. यातलं काही उचलून कार्यालयात नेणं आणि तिथून डोणगावला पाठवणं शक्य नव्हतं.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "थे तुह्यं हाये." मी म्हटलं, माह्यं काय अन् तिचं काय, पेटीत कुजल्यापरीस बरं. आईनं माझ्याकडं पाहिलं, मग खाली बसून लुगडं परत गुंडाळायला लागली. लुगड्याची गाठ तिला मारता येत नव्हती, ती मी मारली.

मग मी माझं काम केलं, जे मला येतं ते. गॅलरीतल्या उजेडात एकेक वस्तू पाटावर ठेवली आणि तिच्याभोवती फिरत सगळ्या बाजूंनी फोटो काढले. त्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर त्या वस्तू जशाच्या तशा उभ्या केल्या. मोराचे गळलेले चार दाणे परत जागेवर बसवले. कंपनीचं काम संपलं की हेच. पंधरा दिवसांनी मी फोन घेऊन खाली आले आणि आईला म्हटलं, आई, रुखवत मांडून पाह्यतं का?

तिला वाटलं मी थट्टा करतेय. पण मी स्वयंपाकघरात तिच्यापुढं फरशीकडं फोन धरला, पडद्यावर एक गोल कडं दिसायला लागलं, मी बोट टेकवलं आणि कडप्प्याच्या ओट्याखाली, पिठाच्या डब्याशेजारी, कापसाची गाडी उभी राहिली. आईनं फोनच्या पलीकडं पाहिलं. तिथं काही नव्हतं. फोनमध्ये पाहिलं, गाडी होती. तिनं हात पुढं नेला, बोटं बैलाच्या अंगातून आरपार गेली. तिनं हात मागं घेतला नाही. तसाच थोडा वेळ तिथं ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवल्यासारखा. मग म्हणाली, बाबाले बलाव. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि कापूस लांब धाग्याचा आहे असं सांगितलं.

पुन्हा आलेली मामी म्हणाली, बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. पण दुसऱ्या दिवशीही ती बघायला थांबली होती.

आईला मांडायला शिकवायचं म्हणजे पहिला घोळ तिच्या हाताचा. ती बोट टेकवायला जायची आणि हात हलायचा, की एकाच्या जागी पाच-सहा वेळा बोट लागायचं. पहिल्याच दिवशी अख्खी फरशी गाड्यांनी भरून गेली. आई म्हणाली, पाह्य, कापसाचा बाजार भरला. साखरपुड्यानंतर ती पहिल्यांदा मोकळी हसली असेल. मी वर जाऊन तेवढं बदललं. एका मागोमाग लागलेली बोटं एकच समजायची आणि वस्तू एकच ठेवायची. तेवढ्यावर थांबले असते तर मी शहाणी. पण मला सरळ रांगांची सवय. मी असंही करून टाकलं, की ठेवलेली वस्तू आपोआप सरळ होईल, शेजारच्या वस्तूच्या ओळीत बसेल. मनात म्हटलं, तिच्या हातानं वाकडं पडणार, लोक बघणार, नको.

दुसऱ्या दिवशी आईनं सगळं मांडलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हे मी नाई मांडलं."

मी म्हटलं, तूच तर मांडलंस, माझ्यासमोर.

"गाडी मी तिरपी ठेवली होती."

मी सांगायला गेले की ती वाकडी पडली होती म्हणून सरळ झाली. वाकडी नाही, तिरपी, आई म्हणाली. आणि मग तिनं जे सांगितलं ते इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून लाडू रचताना मला कधी कळलं नव्हतं. गाडीचं तोंड सासरकडं करायचं, पण पुरतं नाही. थोडी तिरपी ठेवायची. पोरगी निघाली पाहिजे, पण गाडी वळवायला जागाही पाहिजे. नाकासमोर सरळ ठेवली तर ती गेलीच. प्रत्येक पोरीच्या रुखवतात तिनं पोरीच्या आईकडून ती गाडी अशीच ठेवून घेतली होती.

मला समजलं, तरी मी चिडले. पंधरा दिवस मान मोडून केलं आणि वर ऐकून घ्यायचं, असं काहीतरी मी बोलले. आई आवाज न चढवता म्हणाली, "तुह्या मशीनले सांग, माहा हात हलते, डोस्कं नाई हलत."

मी जिना चढून गेले आणि संध्याकाळपर्यंत ते सरळ करायचं सगळं काढून टाकलं. हात हलला म्हणून दहा वस्तू पडू नयेत, एवढंच ठेवलं. बाकी तिनं जिथं ठेवलं तिथं, जसं ठेवलं तसं.

मग रोज दुपारी आईचा सराव. आधी हातपाय धुवायचे, फोन फडक्यानं पुसायचा, खाली पाट मांडायचा. उघड्या फरशीवर रुखवत मांडत नाहीत, असलेलं असो की नसलेलं. धाकटी शाळेतून येऊन तिच्या मागं गुपचूप बसायची. मी तिला एकदा जिन्यात गाठून विचारलं की तुझ्या सासरच्यांना हे खुळ्यासारखं तर नाही ना वाटणार. ती म्हणाली, वाटलं तर वाटलं, तिला मांडू दे. पोरीचे डोळे भरून आले होते, म्हणून मी वर कामाला गेले.

आता लग्नाचा दिवस. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझ्या बहिणीचं नाक चांगलं चाफेकळी आहे, तरी विघ्नं आलीच. कार्यालयात रुखवताचं टेबल लावलं. मामीनं आणि गल्लीतल्या बायकांनी खरे जिन्नस आणलेले, लाडू, अनारसे, कुरडया, पापड, ते कडेनं रचले. मधली मोठी जागा आईसाठी रिकामी ठेवली. त्या जागेपुढं मी ते काळ्या ठिपक्यांचं चौकोनी चित्र एका पाटीवर चिकटवून उभं केलं, म्हणजे पाहुण्यांनी स्वतःचा फोन त्याच्यासमोर धरला की लिंक उघडेल आणि आईनं मांडलेलं त्यांनाही दिसेल.

नवरदेवाची आत्या पुढं आली. ठसठशीत बाई, कपाळभर कुंकू, डोणगावात जिचा शब्द मोडत नाहीत अशी. तिनं रिकामी जागा पाहिली, पाटी पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. तसलं चित्र तिनं किराण्याच्या दुकानात आणि पानठेल्यावर पैसे द्यायलाच लावलेलं पाहिलेलं. तिनं मागच्या बायकांकडं वळून विचारलं, की आता रुखवतापाशीच आहेर मागून राह्यले का हे लोक? अन् वस्तू एक नाही? आई माझ्या शेजारी उभी होती. तिचा हात पदराआड होता, पण पदर हलताना मला दिसत होता.

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथं लिहीत नाही. धाकटीकडं पाहून मी ते गिळलं आणि म्हटलं, आत्याबाई, पैशाचं नाही हो ते, थांबा, दाखवते. फोन काढला, टेबलाकडं धरला. कडं येईना. इकडून धरला, तिकडून धरला. नाहीच. नवरदेवाच्या एका चुलतभावानं स्वतःचा महागडा फोन पुढं केला, त्याच्यात तर लिंकच उघडेना, तसल्या काही फोनांत ती चालत नाही. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

कडं का येईना ते मला ठाऊक होतं. मंडपवाल्यानं टेबलावर कडक इस्त्रीची पांढरीशुभ्र चादर अंथरली होती. फोनला जागा ओळखायला काहीतरी खूण लागते, ठिपका, रेघ, डाग, नक्षी. कोऱ्या पांढऱ्यावर त्याला काहीच समजत नाही. आमच्या फरशीत खडीचे ठिपके आहेत, पाटावर रेघा आहेत, म्हणून घरी कधी अडलं नव्हतं. गिऱ्हाइकांना मी हे दहादा बजावते, आणि घरच्या कार्यात नेमकी विसरले. मी चादर ओढून काढायला हात घातला, तर कडेनं लाडवांचे मनोरे रचलेले.

तेवढ्यात आई पुढं झाली. तिला फोनचं काही कळलेलं नव्हतं. ती वेगळ्याच कारणानं रागावली होती. मामीला म्हणाली, अक्षता कोठी हाय? अक्षता न टाकता रुखवत मांडाले बसवलं मले? मामीनं कुंकवानं माखलेल्या तांदळाचं ताट पुढं धरलं. आईनं मूठ भरली आणि हात पुढं केला. तिचा हात हलत होता, आणि त्या हलण्यानंच तांदूळ मुठीतून थोडे थोडे, सगळीकडं, पसरत गेले. मुद्दाम पेरले असते तरी इतके सारखे पडले नसते. लाल दाण्यांनी ती पांढरी चादर भरून गेली. मी फोन वर केला आणि कडं आलं.

मी फोन आईच्या हातात दिला.

तिनं घाई केली नाही. आधी वृंदावन. मग त्याच्या दोन बाजूंना मोर, एकच दोनदा ठेवून. मग बाहुली. तिच्या खांद्यावरून आत्याबाई बघत होत्या, त्यांच्या मागं बाकीच्या, एकीच्या खांद्यावर दुसरीची हनुवटी. फोन हलत होता म्हणून चित्रही हलत होतं, पण वस्तू आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. शेवटी आईनं गाडी ठेवली. जरा थांबली. बोटानं थोडी फिरवली. तिरपी केली. मग फोन खाली घेतला आणि म्हणाली, "झालं मांडून."

आत्याबाईंनी विचारलं, गव्हले कोणी वळले? आईनं सांगितलं, मीनंच, हात चालत होते तवा. आत्याबाईंनी तिचा तो हलणारा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग एकदम सासरच्या आवाजात त्या मला म्हणाल्या, की सगळं खरं, पण रुखवत पोरीसंग येते, हे टेम्पोत कसं घालाचं ते सांग. मी म्हटलं, आत्याबाई, ते तुमच्याआधी डोणगावात पोचलेलं असेल. आणि तसंच झालं. बिदाईनंतर संध्याकाळी धाकटीनं लिंक उघडून काढलेला फोटो आला. सासरच्या ओसरीवर, तिच्या अजून न उघडलेल्या बॅगांशेजारी, आईचं रुखवत उभं होतं. गाडी तिरपीच होती. आईनं तो फोटो बाबांना दाखवला, मामीला दाखवला, दूधवाल्यालाही दाखवला.

लग्नानंतर घर फार मोठं झालं. बाबा वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लागले. मी कामाला लागले.

अशाच एका दुपारी मी वरच्या खोलीत पुण्याच्या लोकांसोबत मीटिंगमध्ये होते. एका शोरूमचं काम होतं, पडदे कोणत्या रंगाचे असावेत यावर सहा माणसं तासभर बोलत होती. आई जिना चढून आली. जिना चढणं तिला आता सोपं नाही, कठडा धरून एकेक पायरी. तिच्या खांद्यावर फडकं, एका हातात वाटी, एका हातात तिचा फोन. मी खुणेनं सांगितलं, थांब. ती थांबली नाही. माझ्या टेबलापाशी आली, चहाचा कप उचलून खिडकीत ठेवला आणि लॅपटॉपकडं बोट करून म्हणाली, हे उचल.

मला राग आलाच. आई, काम चालू हाये, काऊन असं करतं? ती म्हणाली, उचल म्हटलं न. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. तिनं टेबल पुसलं. फडकं अंथरलं. वाटीत अक्षता होत्या, त्या टाकल्या, काही टेबलावर, काही माझ्या केसांत. मग फोन धरला आणि मांडायला सुरुवात केली. वृंदावन. मोर. दुसरा मोर. बाहुली. मला वाटलं, तिला धाकटीची आठवण येतेय. मी विचारलं, कोणाचं मांडून राह्यली व?

"तुह्यं."

मी म्हटलं, माह्यं लगन कुठी हाये, आई?

"लगनाचं कोणं काढलं?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "पेटीतलं तुह्यंच होतं थे. तुह्याचसाठी वळलं होतं. पोरीचं असते रुखवत. दोन पोरी हायेत मले, एकीचं झालं, एकीचं राह्यलं होतं."

आता फक्त गाडी उरली होती. तिनं ती ठेवली, माझ्या खुर्चीसमोर. मला वाटलं आता तिरपी करेल. तिचं बोट पडद्यावर गेलं, हललं, थांबलं. तिनं गाडी फिरवली ती जिन्याच्या दाराकडं, खालच्या आमच्या घराकडं तोंड करून. नाकासमोर, अगदी सरळ. मी तिच्याकडं बघितलं.

"हिले वळाले जागा नाई लागत," आई म्हणाली. "हे घरीच हाये."

माझ्या मांडीवरून कोणीतरी विचारत होतं, आवाज येतोय का, तुम्ही आहात ना. मी माइक बंद केला. त्या दिवशी मला आधी रडू आलं.